वेदनेची बाजारपेठ आणि मुकी मागणी

१८४६ च्या १६ ऑक्टोबरला बॉस्टन येथे ईथरची भूल देऊन जाहीरपणे शस्त्रक्रिया करण्यात आली आणि सुरीखालच्या आक्रोशाचा काळ संपला, असे वैद्यकाचा इतिहास अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. परंतु भूल उतरल्यानंतरचे दुःख त्या दिवशी संपले नाही आणि आजही पुरते संपलेले नाही. मॉर्फिनसारखी औषधे ते शमवितात, पण त्यांच्यामागे मळमळ, गुंगी, मलावरोध, प्रसंगी श्वास मंदावणे आणि व्यसनाचे भय ही पिलावळ येतेच. म्हणूनच औषधाविना वेदना कमी करणाऱ्या उपकरणांकडे उद्योगाचे लक्ष वळले आहे. उपकरण विक्रीस काढण्यापूर्वी बाजाराची पाहणी करणे हा व्यापाराचा रिवाज. प्रश्न एवढाच की, या पाहणीत विचारायचे कोणाला?

अशा उपकरणांतील सर्वांत परिचित ते ‘टेन्स’ यंत्र. जखमेच्या दोन्ही बाजूंस त्वचेवर चिकटपट्ट्या लावून त्यांतून सौम्य विद्युत्स्पंदने सोडली जातात. कोपर आपटले की माणूस ते नकळत चोळतो. त्या चोळण्यात जे तत्त्व आहे, तेच येथेही आहे. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्शाच्या जाड तंतूंची वर्दळ वाढली की ते वेदनेच्या बारीक तंतूंसाठी लोटले जाते. २००३ मध्ये एकवीस चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर लागणारी वेदनाशामके या यंत्रामुळे सरासरी सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. मात्र स्पंदने पुरेशी जोरकस असली तरच. म्हणजे हा चमत्कार नव्हे. औषधाला दिलेला तो एक हात आहे.

अमेरिकेत अशा उपकरणाला गिऱ्हाईक मिळते ते अफूजन्य औषधांच्या अतिरेकाने पोळल्यामुळे. भारताची अवस्था नेमकी उलटी. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की, रुग्णाला मॉर्फिन दुर्मिळ झाले. २०१४ मध्ये तो कायदा शिथिल करावा लागला. तिकडे औषध फार झाले म्हणून यंत्र हवे, इकडे औषध पोचत नाही म्हणून. तिकडची प्रश्नावली इकडे जशीच्या तशी वापरली, तर उत्तरे चुकीचीच मिळतील.

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून चोरखमारा आहे. तलाव, वन आणि धानाच्या बांध्या हे त्याचे विश्व. पोट उघडण्याची वेळ आली की वाट तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाची धरावी लागते. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण शस्त्रक्रिया तेथे झाली, तरी दुखणे गावीच परत येते. टाके ताजे असताना तान्ह्याला पाजण्यासाठी उठणारी बाळंतीण, खोकला आला की पोटावर हात दाबून धरणारी स्त्री, रोवणीचे दिवस बुडाले म्हणून कासावीस होणारी शेतमजूर, यांची वेदना रुग्णालयाच्या नोंदवहीत उतरत नाही.

बाजारपाहणीची खरी फसगत येथेच होते. यंत्र निवडणार शल्यविशारद, पैसे मोजणार शासन किंवा विमा कंपनी, आणि दुखणार तिसऱ्याच कोणाला तरी. पहिल्या दोघांना विचारून पाहणी पुरी होते, आणि तिसरीला विचारले तरी ती ‘सोसते मी’ एवढेच म्हणते. पाहणीकार लिहून घेतो, ‘मागणी नाही’. सोसणे म्हणजे न दुखणे नव्हे, हे त्याच्या कोष्टकात कोठेच बसत नाही.

दारापर्यंत जाऊन विचारले म्हणजे काय हाती लागते, याचे उदाहरण शेजारच्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. रोग होता, पण मागणी मुकी होती. याच दांपत्याने बालकांच्या न्यूमोनियाच्या निदानासाठी श्वास मोजण्याचे साधन घडविले, ते मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी. वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी एवढाच त्याचा पसारा. वापरणारा हात आधी पाहिला आणि साधन मागाहून घडविले.

वेदनेच्या यंत्रालाही हाच न्याय लावला पाहिजे. चिकटपट्टीचा डिंक काही वापरांनंतर सुटतो. नवी कोठे मिळणार आणि तिचे पैसे कोण देणार? जोर किती वाढवायचा, हे आशा कार्यकर्ती समजावू शकेल काय? हृदयात पेसमेकर असलेल्याला ते लावू नये, ही सूचना मराठीत असेल काय? १ एप्रिल २०२० पासून भारतीय कायद्याने सर्व वैद्यकीय उपकरणे ‘औषध’ या संज्ञेत आणली आहेत. औषधाविना चालणारे यंत्रही कायद्याच्या लेखी औषधच, हा विनोद खरा. पण त्यामागची जबाबदारी विनोदाची नाही.

आणि एक धोका आहेच. स्वस्त यंत्र दिले म्हणून गोळी नाकारण्याची सवड व्यवस्थेला मिळता कामा नये. यंत्र औषधाच्या जोडीला यावे, औषधाच्या जागी नव्हे. किती यंत्रे खपतील, हे बाजार सांगेल. किती जणींना रात्री कूस बदलता येत नाही, हे सांगण्यासाठी मात्र कोणाला तरी चोरखमाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागेल आणि ‘सोसते मी’ या उत्तरानंतरही तेथून न उठता पुढचा प्रश्न विचारावा लागेल.