नाव मोठे, की फी मोठी?

पदवीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एकच चर्चा सुरू होते. मुलगी बी.कॉम. झाली, आता एम.बी.ए. करायचे म्हणते, आणि तेही नावाजलेल्या संस्थेतच. वडील महापालिकेत सफाई खात्यात, आई चार घरची कामे करणारी, पतपेढीचे कर्ज आधीच डोक्यावर. अशा घरात कुणीतरी वडीलधारे हमखास म्हणतात, "काढा कर्ज! बाबासाहेबसुद्धा कर्ज काढूनच शिकले ना?"

आम्ही म्हणतो, हे अर्धेच सांगणे झाले. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. १९१५ मध्ये तिथे एम.ए. झाले. पुढे लंडनला नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र येताना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन आले. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पै-पै साठवली. शाहू महाराजांची मदत मिळाली, आणि कमी पडले तेव्हा नवल भथेना या मित्राकडून पाच हजार उसने घेतले. सिडनहॅमची ती वर्षे कर्जाची शिफारस करणारे कधी सांगत नाहीत.

आता आपला हिशेब करू. खाजगी संस्थेसाठी दोन वर्षांत पाच-पाच लाख असे दहा लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी उचलले. शिकत असताना व पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. हप्ता सुरू होईतो सरळ व्याजानेच पावणेतीन लाख चढतात. मग दहा वर्षे दरमहा साडेसतरा हजार! पहिला पगार पंचवीस हजार असेल तर उरले किती, ते मुलीलाच कागदावर मांडू द्या.

नाव आणि कमी फी एकत्र मिळत नाही, हा समजही जाहिरातींनी पसरवलेला. मुंबईची जमनालाल बजाज संस्था मुंबई विद्यापीठाचीच, १९६५ सालची. नावाला देशभर मान. तिथला प्रवेश राज्याच्या सीईटीवर होतो. एक वर्ष नोकरी करून पुन्हा सीईटी दिली तर काही बिघडत नाही. उलट मॅनेजमेंट कोट्यातून घाईने जागा घेतली की भारत सरकारची शिष्यवृत्ती हातची जाते, हे किती पालकांना फी भरल्यावर कळते!

पण नाव म्हणजे सगळे फुकाचे, असेही नाही. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीला विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतले स्थान हीच अट असते. तिथे नाव पाहूनच अर्ज करावा.

नामवंत सरकारी संस्थेतही जेवणखाण, वसतिगृह कोण भरणार हे लेखी विचारा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांची हीच सवलत काढली गेली, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये मुलांना संपावर बसावे लागले. त्यांची शिकवणी फी शिष्यवृत्तीतून भागत होती, अडले ते खोली आणि ताटापाशी.

म्हणून संस्थेचे माहितीपत्रक घरी आले की पहिले पान सोडा. दुसऱ्या वर्षाची फी, वसतिगृह, मेस आणि अनामत ही पाने उघडा. त्याच संस्थेतून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेला आपल्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी शोधा, घरी चहाला बोलवा आणि पगार किती मिळतो ते सरळ विचारा. आणि उत्पन्नाचा व जातीचा दाखला निकालाची वाट न पाहता आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते.