शेवटचा आकडा २ किंवा ३

मंगळवार, ५ मे २०२०. देशभरच्या टाळेबंदीचा तिसरा हप्ता कालपासून सुरू झाला आहे. पहिला २५ मार्च ते १४ एप्रिल, दुसरा ३ मेपर्यंत, आणि आता हा १७ मेपर्यंत. नाशिक जिल्हा रेड झोनमध्ये आहे. मी चांदवड तालुक्यातल्या एका बाजारगावात, सरकारी बँकेच्या शाखेत रोखपाल आहे. बँक अत्यावश्यक सेवेत मोडते. शिवाय नोटा काही घरी बसून मोजता येत नाहीत. त्यामुळे देश घरात बसला असला तरी माझा दिवस रोजच्याच वेळेला सुरू होतो.

पहाटे ५:३०

नळाला पाणी आलं की उठायचं. धुणीभांडी करणाऱ्या मावशी मार्चपासून येत नाहीत. पगार मात्र त्यांना घरपोच जातो. सासूबाई सत्तरीच्या. पासष्टीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये, असा नवा आदेश आहे; त्या म्हणतात, "मी कुठं निघालेय? बाहेरून येतेस तू." बोलणं खोटं नाही. म्हणून माझं ताट, तांब्या, टॉवेल सगळं वेगळं, आणि झोपणं पुढच्या खोलीत.

मुलगी दहावीची. भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच झाला. परीक्षा संपल्याचा आनंद तिला धड झालाच नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाइल, सकाळी उशिरापर्यंत झोप. मी निघते तेव्हा ती झोपेतच असते.

सकाळी ८:३०

स्कूटीवर बसण्याआधी ओळखपत्र गळ्यात, मास्क तोंडावर, मोबाइलमध्ये आरोग्य सेतू चालू. कालपासून कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला ते ॲप सक्तीचं झालं आहे. गावाबाहेरच्या नाक्यावर एक पोलीस आणि दोन माणसं वही घेऊन बसलेली असतात. त्यातले एक जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. शाळा बंद, म्हणून त्यांना नाक्यावर नेमलं आहे. रोज त्याच वेळी त्याच गाडीवरून मी जाते, रोज ते गाडीचा नंबर विचारतात आणि रोज लिहून घेतात. नियम आहे.

पुढे थोडा वेळ मुंबई-आग्रा महामार्ग लागतो. एस.टी. बंद, मालट्रक तेवढे धावतात, आणि कडेने माणसं चालत असतात. पाठीवर पिशव्या, खांद्यावर लेकरं, कुणी सायकलवर. भिवंडी, ठाणे, कल्याणकडून निघालेली ही माणसं, त्यांना मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात पोहोचायचं आहे. १ मेच्या रात्री नाशिक रोडहून भोपाळकडे श्रमिकांची पहिली गाडी सुटली, पण रस्त्यावरची रांग काही कमी झालेली दिसत नाही. ढाब्यांच्या बंद शटरपुढे आसपासच्या गावांतली पोरं पाण्याचे जार आणि खिचडीचं पातेलं घेऊन उभी असतात. चालणाऱ्यांच्या खिशात एटीएम कार्ड असेलही. पण वाटेतल्या कुठल्या एटीएममध्ये पैसे आहेत, हे त्यांना सांगणारं कोणी नाही.

सकाळी ९:१५

शाखेची वेळ १० ते २. रांग ७ पासून लागलेली. ग्रामपंचायतीने चुन्याची वर्तुळं आखून दिली आहेत आणि शेडनेट बांधून दिलं आहे. वर्तुळांमध्ये माणसं थोडी, वस्तूच जास्त: चपला, पिशव्या, विटेखाली दाबलेलं पासबुक, पाण्याची बाटली. त्यांच्या मालकिणी समोरच्या लिंबाखाली अगदी खेटून बसलेल्या. अंतर चपला पाळतात. उन्हाचा पारा बघता मी त्यांना काही बोलत नाही.

आज गर्दी कोणाची, ते दिल्लीत ठरलं आहे. महिलांच्या जनधन खात्यात सरकार एप्रिल, मे, जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये टाकतं आहे. देशात अशी सुमारे २० कोटी खाती. एकाच दिवशी झुंबड उडू नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर वार वाटून दिले: ०, १ काल झाले, २, ३ आज, ४, ५ उद्या, ६, ७ शुक्रवारी, ८, ९ पुढच्या सोमवारी. योजना साधी आणि शहाणपणाची. फक्त खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा कोणता, हे वाचता न येणाऱ्या बाईला कळायचं कसं, हा प्रश्न शाखेच्या दारात येऊन थांबतो. तो सोडवायला आमचे शिपाईमामा पेन घेऊन रांगेतून फिरतात. "आज्जी, तुमचा ७ आहे, शुक्रवारी या." आज्जी म्हणतात, "शुक्रवारी कोण आणंल मला? आज नातवाची गाडी मोकळी होती." मामा माझ्याकडे बघतात, मी शाखा व्यवस्थापक साहेबांकडे बघते. आज्जी रांगेत राहतात.

सकाळी ९:४५

तिजोरीच्या किल्ल्या दोन. एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. दोघं एकत्र असल्याशिवाय ती उघडत नाही, म्हणून आमच्या दोघांपैकी एकालाही आजारी पडायची परवानगी नाही. दुसऱ्या काउंटरचा सहकारी मालेगावचा. त्याचा भाग प्रतिबंधित क्षेत्रात, बांबू लावून बंद. त्याचं काउंटरही माझ्याकडेच.

रोकड बाहेर काढताना हिशेब वेगळा करावा लागतो. ५०० रुपये द्यायचे म्हणजे ५०० ची एक नोट दिली की झालं, असं नाही. गावात सुटे कुणी देत नाही. किराणावाला म्हणतो सगळ्याचं सामान घ्या, दळणवाला म्हणतो नंतर द्या. म्हणून बायका शंभराच्याच मागतात, आणि शंभराच्या नोटा नाशिकहून मागवल्या तेवढ्या येत नाहीत. मग प्रत्येकीला विचारायचं, "दोन खाती असतील तर मिळून एक पाचशेची आणि बाकी शंभराच्या चालतील का?" सासू-सुना, जावा-जावा बाहेर पायरीवर आपसात वाटणी करतात.

सकाळी १० ते दुपारी १

आत एका वेळी चारच जण. दारात सॅनिटायझर, काउंटरवर प्लास्टिकचा पडदा. पडद्यापलीकडून मास्कमधून बोललेलं ऐकू येत नाही. मग बाई मास्क खाली ओढते आणि अगदी तोंडाजवळ येऊन सांगते.

जिला सही येत नाही तिचा अंगठा, त्याला साक्षीदार. शाईचं पॅड सगळ्यांना एकच. बोट पॅडवर, मग सॅनिटायझरवर, मग नोटेवर. नोटा मोजायला ओला स्पंज होता, तो मार्चमध्येच उचलला. आता यंत्रातून मोजून, पुन्हा हाताने मोजून देते. घेणारी मात्र बाहेर जाऊन जिभेला बोट लावूनच मोजते.

रांगेतली प्रत्येक बाई तेच ५०० रुपये घ्यायला आली आहे, पण अडचण प्रत्येकीची निराळी. एकीचं खातं आहे, पण जनधन नाही. बचत गटासाठी काढलेलं साधं बचत खातं. शेजारणीला पैसे आले, हिला नाहीत; दोघींची घरं एकाच गल्लीत, दोघीही मजुरीला जाणाऱ्या. यादी गरिबीवरून झालेली नाही, खात्याच्या प्रकारावरून झाली आहे, हे तिला मी कोणत्या तोंडाने सांगू? दुसरीच्या खात्यात पैसे आले आहेत, पण दोन वर्षांत त्या खात्याला कुणी हात लावला नव्हता; ते निष्क्रिय झालं. आधार कार्डाची झेरॉक्स हवी आणि झेरॉक्सचं दुकान बंद. आमच्याच यंत्रावर काढून देते. तिसरीच्या खात्याला मोबाइल नंबर मुलाचा. मेसेज त्याला गेला, तो अडकला पुण्यात. पैसे आले की नाही हे विचारायला ती चार किलोमीटर चालत आली आहे. पासबुक छापायचं मशीन गर्दी टाळायला बंद ठेवलंय, म्हणून मी चिठ्ठीवर शिल्लक लिहून देते.

चौथी काहीच काढत नाही. "ऱ्हाऊ दे खात्यात. पण सरकार परत तर नाही ना घेणार?" पैसे लगेच काढले नाहीत तर परत जातात, ही अफवा एप्रिलमध्ये सगळीकडे पसरली होती. सरकारने खुलासा केला, आम्ही दारावर कागद चिकटवला. पण कागद वाचणाऱ्याला अफवेची भीती नसतेच; भीती असते ती न वाचणाऱ्याला. तिला मी सांगते, पैसे तुमचेच आहेत, वर्षाने आलात तरी मिळतील. ती विश्वास ठेवते, पण माझ्यावर, सरकारवर नाही.

साडेबाराच्या सुमाराला एकीने हिशेबच मांडला. "मॅडम, आज कांदा काढायला गेले असते तर अडीचशे मिळाले असते. इथं पाचशे घेतले, म्हणजे माझे अडीचशेच झाले ना?" मागच्या दोघी हसल्या. मी हसले नाही, कारण तिचा हिशेब चुकलेला नव्हता. उन्हाळ कांद्याची काढणी ऐन भरात आहे. जायला-यायला वाहन नाही. रांगेत अर्धा दिवस जातो, म्हणजे मजुरीचा पूर्ण दिवस जातो.

दुपारी १ ते २

या तासाला शेतकरी आणि दुकानदार. द्राक्षवाल्यांचा माल मार्चअखेरीस वेलीवर अडकला. कुणी बेदाणा केला, कुणी मातीमोल विकला. कांदा चाळीत भरून ठेवताहेत, कारण बाजार कधी चालू, कधी बंद. आता तोंडावर खरीप. महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत नाव आहे, पण आधार प्रमाणीकरण टाळेबंदीत थांबलं. जुनं खातं थकीत दिसतं, नवं पीककर्ज मिळत नाही. साहेबांकडे उत्तर नाही, म्हणून ते चहा विचारतात.

हप्ते पुढे ढकलण्याची सवलत सगळ्यांनी ऐकली आहे. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला ती जाहीर केली: १ मार्च ते ३१ मेपर्यंतचे हप्ते तूर्त भरले नाहीत तरी चालतील. टेम्पोवाला विचारतो, "माफ झाले ना?" माफ नाही, पुढे गेले. व्याजाचं मीटर चालूच. १ लाख बाकी आणि १२ टक्के दर असेल, तर महिन्याला १००० रुपये चढतात. तीन महिन्यांचे ३०००, वर त्यावर व्याज. हातात पैसे असतील तर भरून टाक, नसतील तर सवलत घे, घाबरू नको. हे वाक्य मी दिवसभर घोकत असते. टेम्पोवाला म्हणतो, "गाडी मार्चपासून दारात उभी आहे, मॅडम." म्हणजे त्याला निवडायला काही नाहीच.

दुपारी २ ते ५

शटर अर्धं खाली. आत आलेले निपटेपर्यंत तीन वाजतात. रोकड जुळवायची: दोन हजारच्या, पाचशेच्या, दोनशेच्या, शंभराच्या. जुळली. तिजोरी बंद, दोन्ही किल्ल्या फिरल्या. डबा आपापल्या टेबलावर, एकमेकांकडे पाठ करून. पूर्वी एकमेकांच्या भाज्या वाटून खायचो, ते बंद आहे.

मग फोन. क्षेत्रीय कार्यालयाला रोजचा अहवाल: किती जनधन, किती किसान सन्मानचे २००० रुपये, किती गर्दी. रांगेचा फोटोही पाठवायचा असतो, अंतर पाळलेला. मामा सगळ्यात आधी सकाळचा चपलांचा फोटो काढून ठेवतात.

संध्याकाळी ६

७ नंतर विनाकारण बाहेर फिरायला बंदी, त्याआधी घर गाठायचं. गाडी अंगणात, पर्स उन्हात, कपडे साबणाच्या पाण्यात, मी न्हाणीघरात. मग चहा. सासूबाई उंबऱ्यापलीकडून विचारतात, "आज किती जणींना दिले?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

रात्री ९

बातम्यांमध्ये दारूची दुकानं. काल उघडली, राज्यभर रांगा लागल्या, आणि मुंबईत उद्यापासून पुन्हा बंद. आमच्या रांगेची बातमी होत नाही, हे बरंच आहे. उद्याचे आकडे ४ आणि ५.

नंतरचा हिशेब

१७ मेलाही टाळेबंदी संपली नाही. चौथा हप्ता ३१ मेपर्यंत चालला. हप्त्यांची सवलत २२ मे रोजी ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, आणि व्याजाचं मीटरही. जूनमध्ये तिसरे ५०० रुपये आले, पुन्हा आकड्यांवर वार वाटले गेले, पुन्हा तीच वर्तुळं चुन्याने आखली. टाळेबंदी वाढवायला एक आदेश पुरला. ती पाळायची तर बाईच्या हातात पैसे हवेत, आणि ते घ्यायला तिला घराबाहेरच पडावं लागलं.

सरकारने पैसे वेळेवर पाठवले, हे मान्य करायलाच हवं. २० कोटी खात्यांत एका आठवड्यात रक्कम टाकणं पूर्वी शक्य नव्हतं. पण दिल्लीहून शाखेपर्यंत पैसे क्षणात आले, आणि शाखेपासून वस्तीपर्यंतचे शेवटचे चार किलोमीटर बाईनेच चालायचे, तेही संचारबंदीत आणि मजुरी बुडवून. त्याच काळात टपाल खात्याचे पोस्टमन बोटाचा ठसा घेणारं छोटं यंत्र घेऊन घरोघरी पैसे देत होते. गावागावांत बँकेच्या वतीने पैसे देणारे बँक मित्रही होते. म्हणजे मार्ग उपलब्ध होता, तो मुख्य रस्ता म्हणून आखला नाही, इतकंच.

पुन्हा अशी वेळ आली, साथ असो वा पूर, तर तीन गोष्टी आधी कराव्यात. मदत कोणाला द्यायची हे खात्याच्या प्रकारावरून नव्हे, गरजेवरून ठरवावं. कोणाचे पैसे आले त्याची यादी ग्रामपंचायतीत वाचून दाखवावी. आणि पोस्टमन, बँक मित्र यांना पुरेसा मेहनताना देऊन पैसे वस्तीवर न्यावेत. ५०० रुपयांची मदत ५०० रुपयांचीच पडली पाहिजे, अडीचशेची नाही.