रॅथमाइन्सची भिंगं

डब्लिनच्या रॅथमाइन्स भागात ‘ऑब्झर्व्हेटरी लेन’ नावाची गल्ली आहे. तिथे ग्रब बापलेकांचा भिंगांचा कारखाना होता. बाप थॉमस हा बँक ऑफ आयर्लंडचा इंजिनिअर, नोटा छापायची यंत्रं करणारा. 1857 साली त्याने कॅमेऱ्याच्या ‘अप्लानॅट’ भिंगाचं पेटंट घेतलं. ते निसर्गदृश्यांसाठी होतं. डोंगर काही हलत नाही, त्यामुळे बारीक छिद्रातून सावकाश उजेड घेतला तरी भागे. चेहरा टिपायचा तर मात्र पंचाईत. माणूस किती वेळ डोळे न मिटता बसणार? त्यासाठी व्हिएन्नात पेट्झवालने 1840 मध्ये एफ/3.6 चं, म्हणजे मोठ्या छिद्राचं भिंग रचलं होतं, चार काचांचं.

आजही गणित तेच आहे: एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. 50 एमएमच्या एफ/1.8 लेन्सचं छिद्र 28 मिलिमीटरचं, एफ/1.2 चं 42 चं. उजेड सव्वादोनपट, किंमत सहज दहापट. दुकानदार म्हणतो, काच जास्त लागते. लागते, पण पैसे काचेचे नसतात, काठाचे असतात. मधून जाणारे किरण गुणी असतात; काठावरून येणारे जास्त वळतात आणि दुसरीकडेच जमतात. साध्या भिंगाची फोकल लेंथ तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर हा विस्कटलेला ठिपका आठपट होतो. मग त्या काठाला वठणीवर आणायला आणखी काचा, महागडी काच, गोलाकार नसलेले पृष्ठभाग. आणि एखादी काच केसभर कलली, की सगळी मेहनत पाण्यात.

थॉमसचा मुलगा हॉवर्डने दुर्बिणीच्या भिंगात हा काठ 27 इंच व्यासापर्यंत नेला. व्हिएन्ना वेधशाळेसाठी 1878 मध्ये पूर्ण केलेली त्याची दुर्बीण तेव्हा जगातली सर्वांत मोठी भिंगांची दुर्बीण होती. एवढ्या व्यासाची निर्दोष काच ओतून मिळणं हेच मुळात नशिबाचं काम. नंतर ती घासायची, आणि घासताना तापलेली काच निवेपर्यंत थांबायचं, कारण गरम काचेचा आकार खरा नसतो. दोन काचांच्या चार बाजू म्हणजे हे सगळं चारदा.

दुर्बिणीत भिंगाऐवजी आरसा वापरला, तर त्याची एकच बाजू घासावी लागते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली, तिथली ग्रबची 20 इंची दुर्बीण आरशाचीच होती. 1912 मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.