रूळ, लुना आणि भंगाराचा ढीग

घरी केलेल्या यंत्रांचा आढावा घ्यायचा म्हटलं की लिहिणारे गिरगाव चौपाटीवरच्या विमानापासून सुरुवात करतात. मी करणार नाही. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, या गोष्टीला त्या काळचा भरवशाचा पुरावा आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चं नाव त्यासोबत घेतलं जातं, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासून सांगितलं. तरीही तेच उगाळलं जातं, आणि ज्यांची पेटंटं कागदोपत्री हजर आहेत त्या शंकर आबाजी भिसे यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेला हा माणूस लंडनला गेला, तिथे त्याने छपाईचे खिळे ओतायचं यंत्र केलं, पुढे अमेरिकेत गेला आणि तिथेच १९३५ मध्ये वारला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावचं सायकलचं दुकान, नांगर, १९१० ची किर्लोस्करवाडी हे तर वाचकांना पाठच आहे. पुढे जाऊ.

रेडिओचा काळही मी लवकर आटोपतो, कारण त्यावर माझ्या पिढीने भरपूर लिहून ठेवलंय. ओए ७९ डायोड, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार, टू-जे गँग आणि कानात घालायचा इअरफोन एवढ्यावर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागायचं आणि बॅटरीही लागायची नाही. मग एसी १२८ आले, बीसी १४८ आले, लोखंडी टोपीचे एसएल १०० आले, टीबीए ८१० वर घरोघरी अँप्लिफायर झाले. मावळातली पोरं लोकलने पुण्यात शिवाजीनगरला उतरून सुट्या भागांसाठी तपकीर गल्लीत जायची आणि बुधवार-रविवारी जुन्या बाजारातून परतायची. तपकीर गल्ली अजून आहे, पण आता तिथे सुटा डायोड मागितला तर दुकानदार आधी मोबाइलच्या कव्हरांचे गठ्ठे बाजूला सारतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. गेली कित्येक वर्षं मी सांगत आलोय की महाराष्ट्रात घरगुती विद्युत-यंत्रांची खरी शाळा गणपतीच्या हलत्या देखाव्यांत भरली. पुस्तकी आढावा घेणाऱ्यांना हे पटत नाही. ते पेटंटं मोजतात, स्पर्धांतली पदकं मोजतात आणि देखावा म्हणजे सजावट म्हणून सोडून देतात. त्यांनी एकदाही मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन पडदा उचललेला नसणार.

त्या पडद्यामागे रूळ असायचा. साधारण फूटभर लांब, मनगटाहून बराच जाड, सुताराने लेथवर कातलेला लाकडी रूळ. त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्टीचं पूर्ण कडं, आणि त्या कड्याला जोडून रुळावर आडव्या-उभ्या ठोकलेल्या लहानमोठ्या पट्ट्या. वर एका लाकडी फळीवर पितळी जिभल्यांची रांग. कड्यावरच्या जिभलीतून फेज आत यायची, रूळ फिरला की ज्या जिभलीखाली पट्टी येईल त्या जिभलीची माळ पेटायची, आणि पट्टी सरकली की विझायची. न्यूट्रल थेट माळांना. माळाही घरच्याच, सहा व्होल्टचे चाळीस बल्ब एका सरीत, म्हणजे दोनशेतीस व्होल्टवर निवांत चालायचे. एक उडाला की सगळी माळ जायची आणि मग कुणीतरी तार हातात घेऊन बल्बामागून बल्ब तपासत बसायचं.

रूळ फिरवायला टेबलफॅनची मोटर. मिनिटाला तेराशे फेऱ्या. तिला दहास एक असे पुल्यांचे दोन टप्पे लावले की रूळ मिनिटाला तेरा फेऱ्या घेतो, म्हणजे एका फेरीला साडेचार सेकंदांहून थोडं जास्त. एवढ्या वेळात प्रभावळीवरून प्रकाश धावत जाऊन परत आला पाहिजे. त्यासाठी आधी आलेख-कागदावर आखणी करायची. आडव्या रेघा म्हणजे माळा, उभ्या रेघा म्हणजे वेळ, आणि जिथे दिवा हवा तिथली चौकट काळी. तो कागद रुळाला गुंडाळून खिळ्याने खुणा करायच्या आणि त्यावर पट्ट्या ठोकायच्या. प्रोग्रॅम म्हणजे काय हे आमच्याकडच्या पोरांना संगणक येण्याच्या फार आधी या कागदाने शिकवलं. प्रवाह तोडताना जिभलीखाली ठिणगी पडायची, तांबं काळं व्हायचं, आणि रोज संध्याकाळी आरतीआधी मेन स्विच पाडून रुळाला पॉलिश पेपर मारायचा हा ठरलेला नेम होता. काही मिस्त्री पट्टीचं टोक तिरपं कापत. मग जिभली एकदम न सुटता कडेकडेने सुटायची आणि जिभलीची एकच जागा जळत राहायची नाही. असं बारीक ज्ञान कुठल्याही पुस्तकात नव्हतं. एका मंडळाकडून दुसऱ्याकडे ते तोंडी जायचं.

हलत्या बाहुल्यांचं शास्त्र याहून पुढचं. त्यासाठी गाडीच्या वायपरची बारा व्होल्टची मोटर जुन्या बाजारातून आणायची. तिच्या पोटातच वर्म गिअर असल्याने ती मुळात सावकाश फिरते आणि जोर भरपूर देते. वर्मचा दुसरा गुण मला फार मोलाचा वाटतो: वर्म चाकाला फिरवतो, पण चाकाला वर्म फिरवता येत नाही. त्यामुळे वीज गेली तरी कंसाने उगारलेला हात तिथेच थांबतो, खाली आदळत नाही. भारनियमनाच्या वर्षांत याची किंमत कळली. ट्रॅक्टरची बॅटरी मांडवात आणून ठेवली की तेवढी बाहुली चालू राहायची. मान हलवायला क्रँक, पापणी मिटायला लाकडी कॅम, पाण्याखालून वर येणाऱ्या कालियाला सायकलची चेन आणि उलट बाजूला लोंबकळणारं वजन. वजन किती ठेवायचं हे विटा वाढवून-काढून ठरायचं. मोटर कण्हायची थांबली की वजन बरोबर झालं.

मग ५५५ आणि ४०१७ या दोन आयसींनी रूळ निकालात काढला. दहा वाटांनी धावणारा प्रकाश तळहाताएवढ्या पाटीवर मावू लागला. मला त्याचं दुःख नाही, त्याही पाट्या पोरं घरीच करत, फेरिक क्लोराइडमध्ये तांबं विरघळवून काढत आणि बोटं पिवळी करून घेत. दुःख आहे ते त्यानंतरचं. तयार कंट्रोलर आला, त्याच्यात नक्षी आधीच भरलेली असते. आता मंडळं देखावा ठेक्याने आणतात आणि ठेकेदार तो विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोत भरून नेतो. पडद्यामागे मुलांनी उभं राहावं असं तिथे काही उरलेलं नाही.

आता मांडवाबाहेर येऊ. आमचं उर्से हे गाव बाहेरच्यांना मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरच्या टोलनाक्यामुळे माहीत. आम्हाला ते भात आणि कारखाने एकाच शिवारात असलेलं गाव म्हणून माहीत. फिनोलेक्सच्या केबल इथे होतात, अलीकडे तळेगाव, पलीकडे चाकण. या सगळ्या पट्ट्याच्या कडेने भंगारवाले बसले आणि त्यांच्यामुळे इथली घरगुती यंत्रं वाढली. माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे: भंगाराचा ढीग हाताशी असेल आणि शेजारी वेल्डिंगवाला, लेथवाला, मोटर रिवाइंड करणारा असेल, तिथे माणसं यंत्रं करतात. बुद्धीची वाटणी सगळीकडे सारखीच असते.

भाताचा पंखा बघा. इंद्रायणी भात कापून झोडलं की तूस आणि पोचट दाणे उडवायला वारा लागतो, आणि नेमका दिवाळीच्या सुमारास पवन मावळात वारा पडतो. सूप हातात धरून वाट बघत बसावं लागे. मग कुणीतरी तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून पाती केली, सायकलच्या मागच्या चाकाच्या हबवर बसवली आणि पायडल मारायला पोराला बसवलं. पुढे अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आली. पात्यांचा कोन जास्त झाला तर चांगला दाणाही तुसात जातो, कमी झाला तर पोचट राहतं, म्हणून पाती बोल्टवर ढिली ठेवून खळ्यावरच कोन जमवतात. आमच्या आजूबाजूला असे पंखे अजून आहेत आणि दोन घरचे पंखे एकसारखे नाहीत. शेतीच्या अवजारांच्या प्रदर्शनात मला असा पंखा कधी दिसला नाही, कारण तो कुणी विकत नाही.

गाड्यांकडे वळतो. १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली आणि पन्नास सीसीचं, एका माणसाला उचलता येईल असं इंजिन घराघरात शिरलं. लुना थकली की इंजिन फवारणीच्या पंपावर जायचं, गवत कापायच्या यंत्रावर जायचं. पण घरगुती वाहनकामातलं सगळ्यांत थोर काम मी मानतो ते दिव्यांगांच्या गाडीला बाजूची दोन चाकं लावणाऱ्या गॅरेजवाल्यांचं. तिथे प्रत्येक गाडी प्रत्येक माणसासाठी वेगळी करावी लागते. कुणाचा उजवा पाय चालत नाही, मग ब्रेक हातावर घ्यायचा. कुणाला कुबड्या ठेवायला जागा हवी. चाकं कडक जोडली तर खड्ड्यात मागचं चाक अधांतरी राहतं आणि जागच्या जागी फिरतं, म्हणून वेगळी स्प्रिंग द्यायची. वळताना तीनचाकी वागणूक कशी असते हे चालवणाऱ्याला शिकवायचं. ही विद्या ज्यांनी पिढीभर सांभाळली त्यांच्यावर एकही ग्रंथ नाही.

चारचाकीचा इतिहास थोडक्यात. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी १९४० च्या दशकात छोट्या गाडीचा ध्यास घेतला आणि ‘मीरा’ ही मोटार १९७० च्या दशकात सुमारे बारा हजार रुपयांत देता येईल इथवर आणून ठेवली. परवानगी आणि करांच्या जंजाळात ती बाजारात आलीच नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं, २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं गेलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून मुलासाठी छोटी जीप केली, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं आणि ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हेही स्पष्ट सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. त्या कुटुंबाचं भलं झालं याचा मला आनंद आहे. राग येतो तो बातम्या देणाऱ्यांचा. बोलेरोचा फोटो सगळ्यांनी छापला, किकचा जोर इंजिनापर्यंत कसा नेला याची एक आकृती कुणालाही छापावीशी वाटली नाही.

कायद्याची बाजू सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ घडणीत फरक करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी घट्ट केलं. नवं वाहन करायचं तर पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत चाचण्या, आणि त्यांचा खर्च एकट्या माणसाला झेपणारा नाही. रस्त्यावरच्या इतरांच्या जिवासाठी हे हवंच, यात माझा वाद नाही. पण एक दार उघडं आहे आणि आपली पोरं त्याकडे बघत नाहीत: मोटर पाव किलोवॉटच्या आत, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत, अशा बॅटरीच्या सायकलला मोटार वाहन मानलं जात नाही. खेळायला एवढं अंगण पुष्कळ आहे.

संस्थांपैकी मी एकाच संस्थेपाशी थांबणार आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग शिकागोहून डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले मोठे अधिकारी. ते पद सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू पाबळला त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम हातात देऊन शिकवलं. जीपचे सुटे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तिथे झाला. भूगर्भातलं पाणी शोधायला जमिनीचा विद्युत-रोध मोजणारं यंत्र त्या पोरांनी गावोगाव नेलं. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांनी अमेरिकेबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या कार्यशाळांपैकी, एक तिथे सुरू केली, आणि याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. यंत्रं येण्याआधीच तिथे हात तयार होते.

अरविंद गुप्तांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्याच्या आयुका या विज्ञानसंस्थेतल्या त्यांच्या खेळण्यांच्या कामाविषयी सगळे जाणतात. मी फक्त त्यांच्या मोटरकडे बोट दाखवतो. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, सायकलच्या ट्यूबचं रबर आणि इनॅमलच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्याच्या एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकाचं एका बाजूने राखायचं. राखलेल्या त्या बाजूमुळे अर्धी फेरी प्रवाह बंद राहतो आणि वेटोळं उलट न ओढलं जाता आपल्या वेगाने पुढे जातं. कम्युटेटर समजायला याहून स्वस्त साधन जगात नाही.

आणि आता शाळांत काय चालतं? २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, एका शाळेला वीस लाखांपर्यंत निधी. योजना चांगली आहे हे मी जाहीरपणे म्हणतो. पण मी पाहिलेल्या कित्येक ठिकाणी पेट्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. वस्तू हरवली तर हिशेब कोण देणार, ही त्यामागची भीती. आर्डुइनोच्या इलेक्ट्रॉनिक पाटीचे पाय तुटतील म्हणून मुलांना हात लावू देत नाहीत. जी वस्तू मोडायला परवानगी नाही तिच्यावर शिक्षण होत नाही. भंगारातल्या वायपरच्या मोटरला ती भीती कधी नव्हती.

भंगारही आता आटत चाललंय. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, जुन्या वाहनांसाठी २०२१ चं धोरण आलं. शिसं आणि आम्ल ओढ्यात जाऊ नये म्हणून ते योग्यच आहे. मात्र कारखान्याचा माल आता थेट अधिकृत केंद्राकडे जातो आणि तिथे सरसकट चुरा होतो. कामाची मोटर वेगळी काढून ठेवावी, हे त्या साखळीत कुणाचंच काम नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, तरी चिकटवून बंद केलेले फोन आणि स्क्रू नसलेले चार्जर बाजारात येतच आहेत. जे उघडत नाही ते कळणार कसं?

म्हणून उर्से, परंदवडी, बेबडओहोळ, आढे आणि ओझर्डे या गावांच्या ग्रामपंचायतींपुढे माझी मागणी आहे. पाच गावांत मिळून एक शेड. त्यात सहा फुटी लेथ, वेल्डिंगची दोन मशिनं, एक खांब-ड्रिल, चार व्हाइस, सोल्डरिंगची टेबलं, आणि अर्थिंग नीट केलेली वायरिंग. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून भिंती रंगतात, बाकं येतात. त्यातलाच एका वर्षाचा हिस्सा इकडे यावा. शेडच्या मागे उघडा ढीग: वायपर मोटरी, वॉशिंग मशीनच्या मोटरी, सायकलींचे हब, प्रिंटरचे शाफ्ट, चेनी. आम्ल आणि बॅटऱ्या नाहीत, त्या अधिकृत केंद्राकडेच. किल्ली निवृत्त टूलरूमवाल्या कामगारांकडे असावी, आणि असे हाताचे पक्के कामगार या पाच गावांत घरोघर बसून आहेत. पहिल्या वर्षी काम एकच: येत्या गणपतीला प्रत्येक गावच्या मंडळाचा देखावा त्या शेडमध्ये मुलांनी करायचा. रुळाची आखणी शिकवायला मी रोज संध्याकाळी यायला तयार आहे.