वस्तीतले मूल, त्याची बोली आणि भाषाविकार

'पानी' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत पहिल्या दिवसापासून दुरुस्त केले जाते. त्याचे 'हाय', 'व्हता', 'म्या' सगळेच अशुद्ध ठरते आणि वर्षभरात ते मूल गप्प होते. मग गुरुजी म्हणतात, याची जीभ जड आहे, बुद्धीही बेताचीच. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ही वाक्ये ऐकतच मी वाढलो, आणि आज मराठी शिकवताना शिक्षकमित्रांच्या तोंडून तीच ऐकतो. म्हणून बोली कशाला म्हणायचे आणि विकार कशाला, हा प्रश्न मला निव्वळ भाषाशास्त्राचा वाटत नाही.

मूल भाषा शिकते म्हणजे काय करते? सहा-सात महिन्यांचे झाले की 'बाबाबा', 'दादादा' सुरू होते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द येतो आणि दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूध दे' अशी जोडणी होऊ लागते. खरी गंमत त्यापुढे आहे. 'बसलं', 'पडलं' ऐकलेले मूल एक दिवस 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणते. घरात मोठे कुणी तसे बोलत नसले तरी म्हणते. म्हणजे ते नक्कल करीत नाही, नियम शोधून काढते. हे बंगल्यात घडते तसेच पत्र्याच्या खोपटातही घडते. त्यासाठी कुणाला खडू-फळा लागत नाही.

बोलीचेही असेच आहे. ज्या बोलीत 'ण' नाही तिथे पानी, लोनी, कोन असे सगळीकडेच होते. वऱ्हाडात 'काळा'चा 'काया' होतो आणि 'शाळा'ची 'शाया', तेही रिवाजाने. जे नियमाने होते त्याला दोष म्हणणे हे अज्ञान आहे, आणि पुष्कळदा त्या अज्ञानाला जात असते. प्रमाण मराठी हीसुद्धा मुळात एका थराचीच बोली. तिला छापखाना, शाळा आणि कचेरी मिळाली, इतकेच. ती आपल्या मुलांना आलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण ती शिकवायची कशी, हे वेगळे आणि न येणाऱ्याला मंद ठरवायचे, हे वेगळे.

हा झगडा अमेरिकेतल्या काळ्यांनी आपल्याआधी कोर्टापर्यंत नेला. 1960 च्या दशकात तिकडचे काही मानसशास्त्रज्ञ सांगत होते की, काळ्या वस्तीतली मुले भाषेविनाच शाळेत येतात. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने 1969 साली हा दावा खोडून काढला. हार्लेममधला आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीत तोंडच उघडत नव्हता. पुढच्या वेळी मुलाखत घेणारा बटाट्याचे वेफर्स घेऊन आला, त्या मुलाच्या दोस्ताला बरोबर बसवले आणि स्वतः जमिनीवर बैठक मारली. तोच मुलगा भराभरा बोलू लागला. उणीव मुलात नव्हती, बैठकीत होती. पुढे मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथल्या गरीब वसाहतीतील काळ्या मुलांच्या आयांनी शाळामंडळावर दावा लावला. 1979 साली न्यायमूर्ती चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला की, मुलांची घरची भाषा लक्षात न घेता वाचन शिकवणे हा मंडळाचा कसूर आहे. 1983 मध्ये अमेरिकेतील वाणी-भाषा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेनेही जाहीर केले की, कोणतीही सामाजिक बोली हा विकार नव्हे.

इथपर्यंत आपले कार्यकर्ते टाळ्या वाजवतात. पुढचे ऐकायला मात्र कमी जण थांबतात, आणि माझे गाऱ्हाणे तिथेच आहे. भाषाविकार खरोखरच असतात. आयोवा राज्यात बालवाडीच्या मुलांची मोठी पाहणी झाली, ती 1997 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे 7 टक्के मुलांत, ऐकू नीट येत असून आणि बुद्धी शाबूत असून, भाषेची अडचण आढळली. आता अभ्यासक याला विकासात्मक भाषाविकार म्हणतात. अशा मुलाला लांब वाक्य उमगत नाही, नेमका शब्द सापडत नाही, काल काय घडले ते क्रमाने सांगता येत नाही. आईने लक्ष दिले नाही म्हणून हे होत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात असे दोघे-तिघे असणार हे धरून चालावे, आणि वस्तीतला वर्ग त्याला अपवाद कसा असेल? पण तिथे ते दिसत नाहीत. पांढरपेशा घरातले मूल तीन वर्षांचे होऊन बोलले नाही तर धावपळ होते. आपले बोलले नाही तर शाळा म्हणते, यांच्या घरची भाषाच तशी. आणि घरचे म्हणतात, बापही उशिराच बोलला होता, जिभेला वेखंड लावा. ज्या पूर्वग्रहाने धडधाकट मूल मंद ठरते, त्याच पूर्वग्रहाने अडलेले मूल नजरेआड होते.

ओळखायचे कसे? कसोटी घरच्या बोलीतच घ्यावी लागते. विकार असेल तर तो घरच्या बोलीतही दिसतो. जे मूल ओट्यावर भांडते, गोष्ट रंगवून सांगते, आईची नक्कल करते आणि फक्त वर्गात मुके होते, त्याला विकार आहे असे मानायला आधार नाही. आईला विचारावे: याच्या वयाची असताना याची भावंडे किती बोलायची? निरक्षर आईचे हे उत्तरही मोठा पुरावा असते. कान आधी तपासून घ्यावेत. वस्त्यांतून वाहणारा कान ही इतकी नित्याची गोष्ट झाली आहे की, त्यामुळे ऐकू कमी येत असेल हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. तोतरेपणाची गोष्ट निराळी. तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि पुष्कळांचा आपोआप जातो. चिडवल्याने किंवा मारल्याने मात्र जात नाही.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा व्हायची आहे. उशिरा बोलणे आणि कमी ऐकू येणे या दोन्ही बाबी तिच्या यादीत आहेत. त्या दिवशी मूल हजर राहील आणि आई सोबत असेल, एवढे वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी पाहावे. मूल घरी जे बोलते त्यातली आठ-दहा वाक्ये आधीच टिपून ठेवावीत. ती शुद्ध करून नव्हे, 'हाय' आणि 'व्हता'सकट, आणि डॉक्टरांच्या हातात द्यावीत.