अठराव्या हिश्श्याचा पहिलवान

अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘मसल कार’ नावाची मोटारींची एक जात निपजली. आपण तिला पहिलवान मोटार म्हणू. अंग बेताचे, इंजिन दांडगे! सरळ रस्त्यावर हिला कोण अडवणार? पण वळण आले की पहिलवानाची भंबेरी उडे.

१९६६ मध्ये स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने ‘ट्रान्स-ॲम’ ही शर्यतमाला सुरू केली आणि या पहिलवानांना वळणावळणांच्या मार्गावर उतरवले. इंजिन पाच लिटरांच्या आत हवे, असा दंडक होता. शेव्हरोले कंपनीने एका इंजिनाच्या ठोकळ्यात दुसऱ्याचा क्रँकशाफ्ट बसवून ३०२ घनइंचांचे इंजिन जुळवले. तीच कॅमारो झेड-२८. रॉजर पेन्स्के यांच्या संघातर्फे मार्क डोनोह्यू याने १९६८ साली १३ पैकी १० शर्यती जिंकल्या. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी अजिंक्यपद शेव्हरोलेकडेच गेले.

त्या १९६९ च्या निळ्या मोटारीची १:१८ प्रमाणातली प्रतिकृती भाच्याने मला भेट दिली. मराठीच्या मास्तराला मोटार कशाला, असे वाचक विचारतील. पण कुतूहल काय विषय पाहून येते? मी फूटपट्टी काढली. मूळ गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १०८ इंच. प्रतिकृतीत बरोबर ६ भरले. वा!

मग वजन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही अठरापट घटल्या, म्हणजे वजन ५,८३२ पटीने घटायला हवे. मूळ गाडी सुमारे २,८०० पौंडांची. त्या हिशेबाने प्रतिकृती सव्वादोनशे ग्रॅमच्या आत यावी. घरच्या काट्यावर ती पाऊण किलोहून अधिक भरली! कारण उघड आहे. ओतीव धातूचा पत्रा अठरापट पातळ करता येत नाही.

गंमत अशी, की मूळ गाडीवाल्यांची धडपड नेमकी उलट होती. त्यांनी सांगाडे आम्लात बुडवून पत्रा झिजवला. नियमाने किमान वजन ठरलेलेच होते. पण वरचे वजन उतरवले की तेवढेच खाली, हवे तिथे ठेवता येते आणि वळणावर गाडी झुकत नाही. झिजलेल्या छपराला सुरकुत्या पडल्या. त्या झाकायला, असे सांगतात, वरून व्हायनिलचे आच्छादन चढवले. बघणाऱ्याला वाटावे, काय ही हौस!

कारागिराने त्या आच्छादनाचा खडबडीतपणा हुबेहूब उतरवला आहे. खालचा कागदासारखा पत्रा मात्र कोणत्याच साच्यात येणार नाही. डोनोह्यू स्वतः यंत्रशास्त्राचा पदवीधर होता. १९७५ साली ऑस्ट्रियन ग्रां प्रीच्या सरावात झालेल्या अपघातानंतर तो गेला. असली युक्ती लढवणारे डोके आता नाही. राहिली आहे ती छपरावरची खूण.

म्हणून अशी प्रतिकृती हाती आली, तर रंग आणि चाके मागाहून पाहा. आधी छपरावरून बोट फिरवा.