काटा चढला म्हणजे इंजिन गेले असे नव्हे



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, हुमणी आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या खेपेस मोटारगाडीविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण आज वस्तीवस्तीवर दुसऱ्या हातची जुनी चारचाकी उभी आहे आणि तिच्यापायी उसाचे बिल कसे वाटेला लागते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. एका सभासदाच्या खोडव्याची पाहणी करून आम्ही त्यांच्याच गाडीतून परत येत होतो. गाडी पेट्रोलची, पंधरा वर्षे वापरलेली. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तालुक्याला न्यावे लागते, म्हणून पहिल्या हप्त्याच्या पैशातून घेतलेली. रेल्वे फाटकाशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. आम्ही थांबलो. थोड्याच वेळात ते म्हणाले, "साहेब, काटा चढला बघा."

तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला होता. त्यांनी गाडी बंद केली, बॉनेट उघडले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. आम्ही तो हात मागे ओढला.

हे कारण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असते. साधे पाणी १०० अंशांना उकळते, पण झाकणाच्या दाबामुळे ते ११५ अंशांच्याही पुढे जाऊन द्रवरूपच राहते. झाकण सैल केले की दाब एकदम उतरतो, पाण्याची वाफ होते आणि उकळता फवारा तोंडावर येतो. टॉवेलने तो अडत नाही. इंजिन पूर्ण निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. तापल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नये. हेड वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते.

सावलीला बसल्यावर त्यांनी मनातले सांगितले. "मेस्त्री म्हणतो, हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागंल. कालवड इकायला काढलीय."

"त्यानं तपासलं काय काय?"

"काही नाही. काटा बघून सांगितलं."

आम्ही कृषी पदविकाधारक, मेस्त्री नव्हे. पण जुन्या जीपने गट फिरण्यात उमेद गेली आहे. आणि उसाचे पान पिवळे पडले म्हणून लगेच युरिया टाकू नका, हे तर आम्ही रोज सांगतो. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेने येतो, पाणी साचल्याने येतो, मुळाशी हुमणी असली तरी येतो. पान लक्षण दाखवते, रोग नव्हे. काट्याचेही तसेच आहे.

पाऊण तासाने गाडी निवली, फाटकही मोकळे झाले. गाडी रस्त्याला लागली आणि काटा मध्यावर येऊन थांबला, तो घरापर्यंत हलला नाही. निम्मे निदान इथेच झाले. चालत्या गाडीत वारा रेडिएटरला गार करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचे. उभी असताना तापते आणि चालताना निवते, तर आधी पंखा पाहावा. याउलट गावात ठीक, पण भरधाव जाताना किंवा चढाला तापते, तर रेडिएटर आतून चोंदला आहे, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही किंवा वॉटर पंप कमजोर आहे, असा संशय घ्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर क्रमाने तपासणी केली.

पहिले, काटा खरे बोलतो का? थंड गाडीला चावी लावताच काटा लाल खुणेवर गेला, तर बहुधा सेन्सरची तार घासून बॉडीला टेकलेली असते. पेट्रोलचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे एकदम चुकू लागले, तर दोष बहुधा डॅशबोर्डच्या बाजूचा. इथे काटा खाली होता.

दुसरे, पाणी. झाकण उघडले. पातळी ठीक होती, पण पाणी गंजासारखे तांबूस. विहिरीचे पाणी भरले होते. आपल्या कारखान्यात बॉयलरला विहिरीचे पाणी तसेच देत नाहीत, हे आपण जाणता. ठिबकच्या नळ्या ज्या क्षाराने बुजतात, तोच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

तिसरे, हेड गॅस्केट. ऑइलची पट्टी पाहिली. तेल दुधाळ नव्हते. इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे नव्हते, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. बाहेर गळती नसताना पाणी रोज कमी होत असेल, तर गॅस्केटचा संशय खरा; तसेही नव्हते.

चौथे, पंखा. झाकण लावून इंजिन उभ्यानेच तापू दिले. काटा मध्य ओलांडून गेला तरी पंखा फिरेना. इंजिन बंद केले. फ्यूज शाबूत होता. पंख्याला बॅटरीची थेट तार दिली, तो गरगर फिरला. म्हणजे मोटर चांगली. मग चावी लावून तापमानाच्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, पंखा पुन्हा फिरला. म्हणजे वायरिंगही चांगले. दोष एवढ्याशा स्विचचा. (विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो. बोटे लांब ठेवावीत.)

स्विच नवा बसवला, रेडिएटर धुऊन घेतला आणि शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट मिसळून भरले. कालवड दावणीला राहिली. वडिलांची एकही पाळी चुकली नाही.

मेस्त्रीला नावे ठेवण्यासाठी हे लिहिलेले नाही. काही वेळा गॅस्केट खरोखरच जाते आणि तेव्हा इंजिन खोलण्यावाचून इलाज नसतो. पण खोलण्यापूर्वी "काय काय तपासलं?" एवढे विचारण्याचा हक्क आपला आहे. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मात्र मानू नये. इंजिन वेळेवर तापत नाही आणि पेट्रोल जास्त जाते.

वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा आणि जागा मिळताच गाडी बाजूला घेऊन बंद करावी. "एवढं घरापर्यंत नेऊ" म्हणून रेटलेले चार किलोमीटरच इंजिन घालवतात. पंख्याचा दोष मग खरोखरच गॅस्केटवर जातो.

पुढील अंकी खोडव्याच्या पाचटाविषयी लिहू.

— ऊस विकास अधिकारी